रायरेश्वरावर पाणी किती अंशांना उकळते?

समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. आंबवड्याहून रायरेश्वराच्या पठारावर चढले की त्याआधीच. किती आधी, हे स्प्रेडशीटच्या दोन-तीन रकान्यांत निघते. पठाराची उंची सुमारे १,३७० मीटर. प्रमाण वातावरणाच्या सूत्राने तिथला दाब सुमारे ८५.९ किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे ६४४ मिलिमीटर. पुढचा रकाना आंत्वान समीकरणाचा: ८.०७१३१ मधून या मिलिमीटरमधल्या दाबाचा दहा पायाचा लॉगॅरिदम वजा करायचा, आलेल्या संख्येने १,७३०.६३ ला भागायचे आणि भागाकारातून २३३.४२६ वजा करायचे. उत्तर सुमारे ९५.५ अंश. वर भात शिजायला वेळ लागतो तो यामुळे. चुलीला बोल लावण्यात अर्थ नाही.

हे सहगुणक १ ते १०० अंशांपुरतेच. बॉयलर किंवा टर्बाइनसाठी एन्थाल्पी, एन्ट्रॉपी हवी असेल तर आयएपीडब्ल्यूएस या आंतरराष्ट्रीय संस्थेची १९९७ ची सूत्रे लागतात. त्यांत द्रवरूप पाण्याच्या एकाच विभागाला ३४ सहगुणक. एखादा चुकीचा टाइप झाला तरी शीट मुकाट्याने उत्तर देतेच. म्हणून संस्थेने पडताळ्याचे आकडेही दिले आहेत: ३०० केल्विन आणि ३ मेगापास्कलला एन्थाल्पी किलोमागे ११५.३३१ किलोज्यूल. ती जुळल्याशिवाय शीट वापरू नये.