आईच्या पीचला फुलं का येत नाहीत?

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून सुचला. पुण्यातला एक श्रोता आहे. त्याची आई पाच वर्षांपूर्वी हिमाचलला फिरायला गेली, तिथे पीच खाल्ले, एक कोय रुमालात बांधून आणली आणि घरामागे लावली. झाड आता डोक्याच्या वर गेलंय. पानं मस्त, फूल मात्र एकही नाही. आई दर जानेवारीत फांद्या निरखून येते. बाबा म्हणतात, काढा ते आणि लिंबू लावा. श्रोत्याचा प्रश्न एवढाच, की बरोबर कोण?

खरं सांगू? बाबांचा राग बरोबर आहे, उपाय चुकलाय.

पीच हे मूळचं चीनचं, पानगळीचं झाड. हिवाळ्यात पानं टाकून ते झोपतं. पुढच्या फुलांचे डोळे त्याआधीच, उन्हाळ्या-पावसाळ्यात तयार झालेले असतात, पण बंद. ते उघडायचे कधी, हा त्याच्यासाठी जिवावरचा प्रश्न आहे. दोन दिवस ऊन पडलं म्हणून फुललं आणि आठवड्याने बर्फ पडला, तर वर्ष वाया. म्हणून झाड थंडीचा हिशोब ठेवतं. ढोबळमानाने ७ अंशांच्या खालचा प्रत्येक तास खात्यात जमा होतो. यालाच चिलिंग अवर्स म्हणतात. थंड प्रदेशातल्या बऱ्याच जातींना असे ६०० ते १००० तास लागतात. तेवढे भरले की मगच डोळे ऊब मिळताच फुटतात.

आता पुण्याचा जानेवारी आठवा. पहाटे पारा दहाच्या आसपास, आणि दुपारी? तीसच्या जवळ! म्हणजे जमा फार थोडी होते, आणि वर दुपारची ऊब त्यातलीही काही पुसून टाकते. रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन सकाळी १५ टक्क्यांवर आणि दुपारी परत लाल, तसं. आईचं झाड आजारी नाही. ते अजून हिवाळ्याची वाट बघतंय.

इथे शेतकरी घरातली मुलं विचारतील, की डाळिंबासारखा ताण देऊन बहार धरता येणार नाही का? प्रश्न चांगला आहे. नाशिकचे द्राक्षवाले ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतातच की. पण ते विषारी रसायन आहे, घरच्या बागेत आणायची वस्तू नाही. आणि ज्या जातीला शेकडो तास थंडी हवी, तिला नुसत्या ताणाने फसवता येत नाही.

मग लुधियानाला पीच कसा पिकतो? तिथला उन्हाळा तर आपल्यापेक्षा कडक. गंमत हीच आहे, पीचला उन्हाळा नडत नाही, हिवाळा नडतो. पंजाबच्या मैदानात कमी थंडीवर भागवणाऱ्या जाती लावतात, शान-ए-पंजाब, फ्लोर्डाप्रिन्स वगैरे. फ्लोर्डाप्रिन्स अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाने तयार केलेली जात, तिला साधारण १५० तास पुरतात. फळं एप्रिल-मेमध्ये उतरतात.

आणि आता आईसाठी बातमी. थंडीचा हा हिशोब मुख्यतः डोळा ठेवतो, मूळ नाही. म्हणजे झाड तोडायची गरजच नाही! तेच खुंट म्हणून वापरायचं आणि त्यावर कमी थंडीच्या जातीचं कलम करायचं. डिसेंबर-जानेवारीत, झाड झोपेत असताना, पेन्सिलीएवढ्या जाडीची, दोन-तीन डोळ्यांची काडी घेऊन पाचर कलम करा. काडीची साल आणि फांदीची साल निदान एका बाजूने तरी जुळली पाहिजे, सगळा खेळ त्या सालीखालच्या हिरव्या थराचा आहे. वरून पट्टी घट्ट गुंडाळा. पहिल्यांदा करताय तर नर्सरीतल्या माळीदादांना बोलवा, आणि एकाच्या जागी चार कलमं करा, कारण सगळी जगत नाहीत. रोपं किंवा काड्या घेताना जातीचं नाव विचाराच. लेबलवर नुसतं 'पीच' लिहिलं असेल तर पैसे खिशात ठेवा.

बाकी काळजी फार नाही. दिवसभर ऊन हवं, आणि मुळाशी पाणी साचता कामा नये, काळ्या मातीत पीच पावसाळ्यातच मरतो. पीचच्या बहुतेक जातींना एकच झाड पुरतं, परागासाठी जोडीदार लागत नाही. फळ गेल्या वर्षीच्या काडीवर येतं, म्हणून दरवर्षी छाटून नवी काडी आणावी लागते. आणि फळं धरलीच तर विरळणी करा, दोन फळांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवून. जीवावर येतं, पण नाहीतर सगळी सुपारीएवढीच राहतात. हो, कोयीतला गर कुणी बदाम समजून खाऊ नका, त्यातून पोटात सायनाइड तयार होतं.

मुंबई, कोकण, गोवावाले, तुम्हाला मी हे सुचवणार नाही, तिथे कमी थंडीच्या जातींचंही भागत नाही. निफाडकडे, जिथे पारा घसरल्याच्या बातम्या नेहमी येतात, तिथे जास्त आशा. पुण्यात एखाद्या वर्षी मूठभर फळं, एखाद्या वर्षी काहीच नाही, एवढ्याच तयारीने करा.

आणि मित्रा, कलम करताना आईच्या मूळ झाडाची एक फांदी तशीच ठेव. लिंबू कुंडीतही होतं, बाबांना सांग.