शब्द जमेस, मत नावे

आमच्या घरी धाकट्या सुनेची एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, लांबट, पूर्वी दुकानात रोजकीर्दीसाठी आणीत असू तशी. हिशेब संगणकावर गेल्यानंतर अशा दोन-तीन कोऱ्या वह्या माळ्यावर पडून होत्या. त्यांपैकी ही एक. तिच्या डाव्या पानावर, म्हणजे जमेच्या बाजूस, एक मराठी शब्द असतो आणि उजव्या पानावर, नावे बाजूस, त्या शब्दाचे वाक्य. गेल्या आषाढातील एका तारखेस डावीकडे 'थकबाकी' असे आहे आणि उजवीकडे लिहिले आहे : "ज्याची थकबाकी सर्वांत मोठी, त्यालाच आपल्या दुकानात खुर्ची आणि चहा मिळतो, हे मला पटत नाही, कारण रोखीने घेणारा उभाच राहतो."

या एका वाक्यापायी आमच्या घरात दोन दिवस जेवणाच्या वेळी कोणी फारसे बोलले नाही. तरीही नवा शब्द शिकणाऱ्याने असेच वाक्य लिहावे, असे माझे मत आहे.

सून मूळची जालोर जिल्ह्यातील. शिक्षण हिंदी माध्यमातून बी. कॉम.पर्यंत. आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी कापडाच्या व्यापारात आहे. मी एकटाच वाट चुकून बँकेत गेलो आणि तेथे ३७ वर्षे काढली. घरात आम्ही मारवाडी बोलतो, गिऱ्हाइक मराठी बोलते. सुनेला मराठी कळत असे, उत्तर मात्र ती हिंदीत देई. लग्नसराईत दुकानी मदतीस गेली असता खेड्यातील एक वृद्ध बाई तिला म्हणाली, "मला भीड पडते गं, इतकी लुगडी काढायला लावली आता नको कसं म्हणू." सुनेने तिला समजूत घातली की आज भीड अजिबात नाही, निवांत बसा. म्हाताऱ्या बाईंना काय वाटले असेल ते असो, त्या संध्याकाळी सून मला म्हणाली, "बाबूजी, मला मराठी नीट शिकवा."

मी शाळामास्तरी थाटात आरंभ केला. रोज दहा शब्द आणि पुढे 'वाक्यात उपयोग करा'. अर्थ तिने कोशात पाहावा, ही अपेक्षा. पहिल्याच आठवड्यात 'भिडस्त' हा शब्द दिला. तिने लिहिले, "तो मुलगा भिडस्त आहे." वाक्य निर्दोष होते. मी बरोबरची खूण केली आणि पुढे गेलो. नंतर माझ्या ध्यानात आले की त्या जागी उंच, आजारी, हुशार, काहीही चालले असते. ज्या वाक्यात कोणताही शब्द बसतो, ते त्या शब्दाचे वाक्य नव्हे. बँकेत कोऱ्या कागदावर सही घेण्यासारखा तो प्रकार झाला.

दुसऱ्या दिवशी मी म्हटले, "बेटा, आता याच शब्दावर तुझे मत लिही. आणि 'कारण' लिहिल्याशिवाय वाक्य पुरे करू नकोस." तिने लिहिले, "भिडस्त दुकानदार चांगला असतो, कारण त्याच्या दुकानात नेहमी गिऱ्हाइक भरलेले असते."

तेव्हा उलगडा झाला. हिंदीतील भीड म्हणजे गर्दी. मराठीतील भीड म्हणजे संकोच, मुर्वत. शब्द ओळखीचा वाटल्यामुळे तिने कोश उघडलाच नव्हता. अनोळखी शब्दाबद्दल मनुष्य विचारतो. ओळखीचा चेहरा घेऊन आलेल्या शब्दाबद्दल विचारीत नाही, आणि व्यवहारात जसा ओळखीचाच मनुष्य बुडवितो तसे येथेही होते. 'शिक्षा' हा असाच शब्द. "मुलींना मुलांइतकीच शिक्षा मिळाली पाहिजे, कारण त्यांनीही स्वतःच्या पायावर उभे राहावे," हे तिचे वाक्य आमच्या घरात अजून हसत हसत सांगितले जाते. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. नुसत्या वर्णनाच्या वाक्यात अशी चूक दडून बसते. मत आणि त्याचे कारण मागितले की ती बाहेर येते, कारण कारण देताना शब्दाचा खरा अर्थ वापरावाच लागतो.

अर्थ समजल्यानंतर त्याच पानावर तिने नवे वाक्य लिहिले : "भिडस्त दुकानदार गिऱ्हाइकाला आवडतो, पण त्याच्या बायकोला आवडत नाही." येथे 'उंच' किंवा 'आजारी' घालून पाहावे.

मत लिहू लागल्याचा व्याकरणातही लाभ झाला. मत म्हटले की मला वाटते, मला पटते, मला खटकते, मला नको, हे प्रयोग आपोआप येतात. जरी, तरी, म्हणून, यांवाचून वाक्य पुढे सरकत नाही. शब्दाला प्रत्यय लागतात आणि त्याचे सामान्यरूप करावे लागते : भीड, भिडेने, भिडेखातर. कोष्टके पाठ करूनही जे तिला बसत नव्हते, ते भांडण्याच्या ओघात बसू लागले.

ही युक्ती माझी नव्हे. १९८० नंतरच्या काळात मराठवाड्यातील एका खेड्यात माझी पहिली नेमणूक झाली. कर्जाच्या अर्जावर अभिप्राय लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी लिहीत असे, "अर्जदार चांगला आहे. कर्ज द्यावे." शाखा व्यवस्थापकांनी मला बोलावून विचारले, "चांगला म्हणजे काय? पत चांगली, ऐपत चांगली की दानत चांगली?" मला वाटे, तिन्ही एकच. त्यांनी अर्थ सांगितला नाही. तिघा अर्जदारांच्या घरी जाऊन येण्यास सांगितले आणि प्रत्येकाविषयी एकेक ओळ लिहावयास लावली. सायंकाळी मी लिहिले : पहिल्याची ऐपत आहे, परंतु दानत दिसत नाही, कारण मागील कर्ज विहिरीसाठी घेतले आणि विहीर खोदलेली नाही. दुसऱ्याची दानत आहे, ऐपत नाही; सबब रक्कम निम्मी करावी. तिसऱ्याची गावात पत आहे, पण ती त्याच्या वडिलांची आहे. साहेबांनी तिसरी ओळ दोनदा वाचली. ते तीन शब्द मी पुन्हा कधी एकमेकांत मिसळले नाहीत. सही करून जबाबदारी घ्यावयाची होती, म्हणून ते पक्के झाले.

मानसशास्त्रात याला आधार आहे. टोरोंटो विद्यापीठातील नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ यांनी १९७८ मध्ये प्रयोगांनी दाखविले की नुसत्या वाचलेल्या शब्दापेक्षा स्वतः आठवून जुळविलेला शब्द अधिक लक्षात राहतो. तथापि हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कीथ फोल्स या अमेरिकी भाषाशिक्षकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एका शब्दाचे एकच स्वतंत्र वाक्य लिहिण्यापेक्षा त्याच शब्दाच्या तीन रिकाम्या जागा भरणे अधिक उपयोगी ठरले. शब्द किती वेळा मनातून काढावा लागला, याला महत्त्व. म्हणून आम्ही दहा शब्दांचे तीन केले आणि प्रत्येक शब्द तीन निरनिराळ्या दिवशी पुन्हा लिहावयाचा ठरविला. गंमत अशी की तिसऱ्या दिवशी पुष्कळदा मतच बदललेले असते.

या निमित्ताने सुनेला तिच्या माहेरची एक गोष्ट सांगता आली. उद्द्योतनसूरींनी 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा जालोर येथेच पूर्ण केली, शके ७०० संपावयास एक दिवस उरला असताना, म्हणजे इ. स. ७७९ मध्ये. तीत एका बाजारपेठेचे वर्णन आहे. देशोदेशीचे व्यापारी जमले आहेत आणि ग्रंथकार प्रत्येकाच्या तोंडचे एक-दोन शब्द नोंदवितात. मराठ्यांच्या तोंडी 'दिले' आणि 'घेतले' अशा अर्थाचे शब्द आहेत. मराठीच्या इतिहासात त्यांना जुना पुरावा म्हणून मान आहे. परंतु सूरी नुसते शब्द देऊन थांबत नाहीत. हे लोक काटक, सावळे आणि सोशिक, पण अभिमानी व भांडखोर, असे आपले मतही सोबत देतात. सून म्हणाली, "म्हणजे बाबूजी, जालोरच्या माणसाने मराठी शब्दांपुढे मत लिहिण्याची रीत जुनीच आहे."

खरी अडचण भाषेची नव्हती. वाचकांपैकी अनेकांच्या घरी राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून सुना आल्या आहेत. सासऱ्यासमोर सुनेने मत मांडणे आपल्याकडे किती रुळलेले आहे, हे मी सांगावयास नको. पहिले कित्येक दिवस वहीत आमची स्तुतीच होती. "माझे सासरे कर्तव्यदक्ष आहेत, कारण ते रोज सकाळी लवकर उठतात." मला बरे वाटले, हे कबूल करतो. पण अशा वाक्यांतील शब्द महिन्याने विचारले तर तिला आठवत नसत. जे मत आपले नाही, त्याच्याबरोबर शब्दही उसनाच राहतो. उलट माझ्या दहा वर्षांच्या नातवाला हीच वही दिली तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी लिहिले, "रविवारी क्लास ठेवणे हा अन्याय आहे, कारण देवसुद्धा रविवारी गृहपाठ देत नाही." त्याचा 'अन्याय' आता जन्मात विसरला जाणार नाही.

तेव्हा मी एक नियम केला आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली सही केली : लाल शाई भाषेला, मताला नाही. ऱ्हस्व-दीर्घ, लिंग, प्रत्यय मी दुरुस्त करीन. मत चुकले असे म्हणणार नाही. ज्याला उत्तर द्यावयाचे असेल त्याने खाली एक ओळ मराठीत लिहावी, तोंडी बोलू नये. या शेवटच्या कलमामुळे पुष्कळ अनर्थ टळला.

नंतर ते 'थकबाकी'चे वाक्य आले. मी त्यात एकही दुरुस्ती केली नाही, कारण एकही चूक नव्हती. वही नेहमीप्रमाणे बैठकीत राहिली आणि माझ्या मोठ्या बंधूंनी ती वाचली. दुकान त्यांनी उभे केलेले. खुर्ची आणि चहा त्यांच्याच सांगण्यावरून दिला जातो. ते काही बोलले नाहीत. सूनही काही बोलली नाही. माझी पत्नी मला म्हणाली, "मराठी शिकवायला सांगितलं होतं, हिशेब तपासायला नाही." मला स्वतःला अवघडल्यासारखे झाले होते. बँकेत असतो तर मीच शेरा मारला असता. घरात ३० वर्षे ती खुर्ची पाहूनही मी गप्प राहिलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाक्याखाली बंधूंच्या अक्षरात एक ओळ होती. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत, अक्षर मात्र मोत्यासारखे. "जुन्या संबंधांची भीड मोडता येत नाही, कारण पडत्या काळात त्यांनीच माल उचलला. बाकी बरोबर आहे." सून ती ओळ घेऊन माझ्याकडे आली आणि तिने पहिली गोष्ट विचारली ती 'भीड मोडणे' या वाक्प्रचाराविषयी.

दिवाळीपूर्वी दुकानात चार नव्या खुर्च्या आल्या. थकबाकीचे काय झाले ते येथे लिहीत नाही. तो घरचा हिशेब आहे. मार्गशीर्षात वहीच्या डाव्या पानावर 'वायदा' हा शब्द आला आणि उजवीकडे : "वायदा करणाऱ्या गिऱ्हाइकाला तारीख विचारावी, कारण 'पुढच्या आठवड्यात' ही तारीख नव्हे." त्याखाली बंधूंनी एवढेच लिहिले, "तूच विचारून पाहा."

तेव्हापासून दुपारी चार ते सात ती गल्ल्यावर बसते.