गारगोटीला धार लावणारी काठी

गारगोटीच्या पात्याची धार गेली, तर ते सहाणेवर घासत बसायचं नसतं. कडेला नेमक्या जागी दाब द्यायचा आणि बारीक कपच्या उडवायच्या. नवी धार आतून निघते. असा दाब देण्याचं पाच हजार वर्षांपूर्वीचं एक हत्यार इटलीतल्या बोल्झानोच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. लिंडनच्या लाकडाची सुमारे १२ सेंटीमीटरची काठी, तिच्या गाभ्यात ठोकून बसवलेली शिंगाची सळई. बाहेर दिसतं ते जेमतेम टोक. ते झिजलं की पेन्सिलीसारखं भोवतालचं लाकूड तासायचं.

हिचा मालक ओत्झी. १९९१ साली आल्प्समध्ये ३,२१० मीटर उंचीवर बर्फातून निघालेला, इसवी सनापूर्वी ३३०० च्या सुमाराचा माणूस. लोक त्याची तांब्याची कुऱ्हाड पाहायला गर्दी करतात. मला ही काठी जास्त बोलकी वाटते.

त्याच्या भात्यात चौदा बाण होते, पण पुरे झालेले दोनच, आणि तेही मोडलेले. त्यांना तीन-तीन पिसं बर्चच्या डांबराने चिकटवून वर दोरा गुंडाळलेला. उरलेल्या बारा नुसत्या दांड्या: व्हायबर्नमच्या सरळ फांद्या, साल काढलेल्या. धनुष्यही अर्धवट तासलेलं. म्हणजे काम भरपूर पडलं होतं. हत्यारं मात्र थकलेली.

त्याच्याकडच्या दगडी हत्यारांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. खंजिराचं पातं, तासणी, टोचा, एक धारदार छिलका. बहुतेकांवर पुन्हा पुन्हा धार काढल्याच्या खुणा. दगडाच्या धारेची ही किंमत असते: प्रत्येक वेळी हत्यार थोडं लहान होतं, आणि एका टप्प्यानंतर त्यातून काढायला काही उरत नाही. ओत्झीची हत्यारं त्या टप्प्याजवळ आली होती. खंजिराचं टोक तुटलेलं होतं. नवी पाती पाडायला जवळ गारगोटीचा गोटा नव्हता. चांगला दगड मिळायचा तो दक्षिणेला, त्रेंतिनोच्या डोंगरांत. बारा दांड्यांना बारा अग्रं कशाची लावणार होता तो?

खुणांवरून तो उजव्या हाताने काम करणारा, हेही त्याच अभ्यासात निघालं. त्याच उजव्या पंजावर, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधीची खोल जखम आहे. कपची उडवायची तर काठी याच बोटांत घट्ट धरून सगळा जोर टोकावर द्यावा लागतो. त्या दिवसांत हातात काठी होती, पण तिच्यावर जोर देणं त्याला फारसं जमलं नसावं.