पगार मोठा, पण वेळ कुणाची?

भिलाईतल्या अनेक घरांतली मुले-मुली आज मोठ्या सल्लागार कंपन्यांत नोकरी करतात. कारखान्याच्या शिफ्टवर संसार उभा केलेल्या आईवडिलांना ही नोकरी नेमकी कशी असते, हे ठाऊक असायला हवे.

गेली साठ-पासष्ट वर्षे भिलाईतल्या घरांचे घड्याळ पोलाद कारखान्याने लावून दिले आहे. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा अशा शिफ्ट बदलतात आणि त्यानुसार सेक्टरांतल्या क्वार्टर्समध्ये डबे भरले जातात. वडिलांची रात्रपाळी असेल, तर दिवसा दंगा करायचा नाही, हे लहान मुलालाही शिकवावे लागत नसे. काम कष्टाचे, भट्टीसमोरचे, प्रसंगी धोक्याचेही. पण शिफ्ट संपली की ते कारखान्याच्या फाटकाआड राही. घरी आलेला माणूस घरच्यांचा असे.

याच घरांतली पुढची पिढी आता पुणे, हैदराबाद, बंगळूर, गुरुग्राम इथल्या सल्लागार कंपन्यांत आहे. कारखान्यातली कायम भरती पूर्वीच्या मानाने फार कमी झाली, तर शिक्षणाची ओढ भिलाईत पहिल्यापासूनच होती. त्यामुळे मुलांनी ही वाट धरणे साहजिकच आहे. पगाराचा आकडा ऐकून घरचे हरखून जातात. मात्र दिवाळीला आलेली मुलगी फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडून बसते, रात्री अकराला तिचा फोन वाजतो आणि आई विचारते, ‘‘अगं, तुझी शिफ्ट संपते तरी कधी?’’ या प्रश्नाचे उत्तर मुलीकडेही नसते.

सल्लागार भिलाईला नवे नाहीत

खरे तर भिलाईचा जन्मच सल्ल्यातून झाला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. कारखान्याचा आराखडा सोव्हिएत संघातल्या ‘गिप्रोमेझ’ या संस्थेने तयार केला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुर्ग जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे विदर्भातल्या माणसाला हा मुलूख परका नव्हता. मराठी कुटुंबे इथे आली, रुजली आणि भिलाईकर झाली.

परदेशी तज्ज्ञांवर कायम विसंबून राहायचे नाही, या विचाराने १९५९ मध्ये हिंदुस्थान स्टीलने रांचीत स्वतःचा अभियांत्रिकी व आराखडा विभाग सुरू केला. १९७३ मध्ये त्याचीच ‘मेकॉन’ ही कंपनी झाली. भिलाईच्या पुढच्या विस्तारांत तिच्या अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे आयुष्यही सोपे नव्हते. महिनोन् महिने साइटवर मुक्काम, रांचीत एकटी पत्नी आणि मुलांच्या शाळा. पण त्या कष्टांना डोळ्यांना दिसणारे फळ होते. कागदावर आखलेली भट्टी एक दिवस पेटायची आणि ती मुलांना बोट दाखवून सांगता यायची.

सल्लागाराच्या पेशातली एक बोच मात्र तेव्हाही होती. सल्ला आपला, निर्णय दुसऱ्याचा. १९५५ मध्ये कोलकात्यात डॉ. मिनू दस्तूर यांनी स्थापन केलेल्या सल्लागार कंपनीने बोकारो कारखान्याचा सविस्तर प्रकल्प अहवाल तयार केला होता. पुढे बोकारोचे काम सोव्हिएत संघाकडे गेले. खर्च कमी करण्यासाठी दस्तूर यांनी १९६६ मध्ये दिलेल्या सूचनाही बहुतांशी बाजूला पडल्या. आजच्या कंपनीतला तेवीस वर्षांचा मुलगा रात्र जागून केलेले प्रेझेंटेशन क्लायंटने पाच मिनिटांत बाजूला सारलेले पाहतो, तेव्हा त्याला हीच बोच जाणवते.

विकला जातो तो वेळ

कारखाना रूळ विकतो, प्लेट विकतो. सल्लागार कंपनीकडे विकायला असतात ती माणसे आणि त्यांचा वेळ. कोणत्या क्लायंटसाठी किती तास काम केले, हे कर्मचारी टाइमशीटमध्ये भरतो. ज्या तासांचे पैसे क्लायंटकडून मिळतात ते ‘बिलेबल’ तास. हे प्रमाण चांगले असेल, तर त्या माणसाची कंपनीत किंमत. हाताशी प्रकल्प नसेल, तर तो ‘बेंच’वर. पगार चालू राहतो, पण डोक्यावर टांगती तलवार असते.

रात्रीची जागरणे सुरू होतात ती इथे. काम मिळवण्यासाठी कंपनी कमी तासांत, कमी पैशांत प्रकल्प पूर्ण करण्याचे कबूल करते. समजा, शंभर तासांचा सौदा झाला आणि काम निघाले दीडशे तासांचे. वरचे पन्नास तास क्लायंट देत नाही. मग ते रात्री, शनिवारी, रविवारी उरकले जातात आणि पुष्कळदा टाइमशीटमध्ये दिसतही नाहीत. आपण हळू आहोत असे वरिष्ठांना वाटेल, या भीतीने नवखी मुले स्वतःच तास कमी लिहितात. म्हणजे कागदावर सगळे नियमात आणि मुलगा मात्र पहाटे दोनपर्यंत जागा.

त्यात वर्षाअखेरीचे मूल्यांकन. सहकाऱ्यांशी तुलना करून श्रेणी दिली जाते आणि बढती, बोनस त्यावरच ठरतात. काही कंपन्यांत ‘वर चढा, नाहीतर बाहेर पडा’ अशी रीतच असते. मुलींची ओढाताण आणखी वेगळी. प्रसूतीच्या २६ आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद कायद्यात २०१७ पासून आहे. पण रजेवरून परतल्यावर चांगला प्रकल्प मिळेल का, ही धाकधूक कोणताही कायदा घालवू शकत नाही.

चांगली बाजूही आहे

तरीही या नोकरीला नुसती नावे ठेवणे अन्यायाचे होईल. दोन-तीन वर्षांत बँक, औषध कारखाना, सरकारी खाते असे वेगवेगळे कारभार आतून पाहायला मिळतात. मोठ्या माणसांसमोर मुद्देसूद बोलायची सवय होते. किचकट प्रश्नाचे तुकडे करून तो कसा सोडवावा, हे हाताखालून जाते. कमी वयात शैक्षणिक कर्ज फिटते, घराला हातभार लागतो. या अनुभवावर पुढे दुसरीकडे उत्तम नोकरी मिळते. म्हणूनच अनेक जण या कंपन्यांकडे मुक्काम म्हणून न पाहता शाळा म्हणून पाहतात. मात्र शाळेची फी तब्येतीने भरायची वेळ येऊ नये.

पुण्यातली घटना

जुलै २०२४ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या सल्लागार कंपनीत रुजू होऊन जेमतेम चार महिने झालेल्या २६ वर्षांच्या चार्टर्ड अकाउंटंट तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ओझ्याने मुलगी खचली, असे तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून कळवले. सप्टेंबरमध्ये ते पत्र प्रसिद्ध झाले आणि देश हळहळला. कामाच्या ताणामुळे मृत्यू ओढवला, हे कंपनीने मान्य केले नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेतली. त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती, हे कामगार खात्याच्या पाहणीत उघड झाले.

कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा दिली आणि जादा कामाला दुप्पट दराचा हक्क दिला. त्यामागे कामगार संघटनांचे बळही होते. काचेच्या इमारतीतल्या कार्यालयांना राज्यांचे आस्थापना कायदे लागू होतात, पण व्यवस्थापकीय पदांवरच्या माणसांना त्यातून बहुधा वगळलेले असते. पदाचे नाव मोठे झाले की संरक्षण कमी होते, हे नेमणूकपत्र हाती घेताना कुणाच्या लक्षात येत नाही.

घरच्यांनी काय करावे?

नोकरी स्वीकारण्यापूर्वी मुलांना काही गोष्टी नीट विचारून घ्यायला सांगा. नेमणूक कोणत्या विभागात आहे? दौरे किती? नोटिशीचा कालावधी किती, बाँड आहे का? वर्षाच्या पॅकेजपैकी दर महिन्याला हाती किती पडणार आणि कामगिरीवर अवलंबून किती? त्याच विभागातल्या एखाद्या माजी कर्मचाऱ्याशी बोलता आले, तर फारच उत्तम.

नोकरी लागताच मोटार आणि फ्लॅटचे हप्ते गळ्यात बांधून घेऊ नयेत. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत थांबावे. हप्ते नसलेला माणूसच वेळ आली तर ‘नाही’ म्हणू शकतो. जास्तीच्या कामाची, रात्री आलेल्या मेलची नोंद स्वतःपाशी ठेवावी आणि टाइमशीटमध्ये खरे तास लिहावेत.

फोनवर ‘बढती कधी?’ हा प्रश्न जरा मागे ठेवा. ‘काल किती वाजता झोपलास? जेवलास का? शेवटची सुट्टी कधी घेतलीस?’ असे विचारा. झोप उडणे, सतत चिडचिड, छातीत धडधड, रविवारी संध्याकाळपासूनच जिवाची घालमेल, ही लक्षणे नाजूकपणाची समजू नका. वेळीच डॉक्टरांकडे जावे. मनाच्या त्रासासाठी भारत सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

भिलाईच्या आईवडिलांना एक गोष्ट जड जाते. त्यांनी एकाच कारखान्यात तीस-पस्तीस वर्षे काढली. नोकरी म्हणजे निवृत्तीपर्यंतची गाठ, हा त्यांचा अनुभव. त्यामुळे मुलाने दीड वर्षात राजीनाम्याचा विषय काढला की ‘टिकून राहा, आम्ही नाही का काढली?’ असे उत्तर सहज तोंडून जाते. पण त्यांनी काढली ती शिफ्ट आठ तासांनी संपत होती. मुलाची संपत नसेल, तर त्याला परतीचे दार उघडे आहे, हे घरातून स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. ‘नोकरी दुसरी मिळेल, तू ये,’ एवढे वडिलांनी एकदा म्हटले, तरी मुलगा उद्याच्या मीटिंगला अधिक ताठ मानेने बसेल.