दोन इमारतींमधली बिनतारी जोडणी आणि एक काटेसावर

आमच्या शाळेची एक शाखा ओढ्यापलीकडे, 2 किलोमीटरवर आहे. इंटरनेट मूळ इमारतीत. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की पलीकडची मुले इकडे येऊ शकत नाहीत, आणि त्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, सराव चाचण्या सारे अडून बसते. ओढ्यातून केबल नेणे परवडणारे नव्हते. म्हणून दोन्ही गच्च्यांवर एकेक दिशादर्शी अँटेना बसवायची ठरली. मार्चमध्ये काम झाले आणि छान चालले. जुलैत मात्र वेग पार घसरला. वारा सुटला की जोडणीच तुटे. म्हणजे ज्या दिवसांसाठी हा खटाटोप, नेमके तेच दिवस कोरडे!

‘पावसामुळे होते’ असे सर्वांचे मत पडले. ते खरे नव्हते. आमची जोडणी 5.8 गिगॅहर्ट्झ वारंवारतेची. एवढ्या अंतरात या लहरींना मुसळधार पाऊसही फारसा अडवत नाही. शिवाय उघडीप असतानाही तेच रडगाणे चालू होते. दुर्बीण लावली, तर समोरची अँटेना स्वच्छ दिसली. मधोमध ओढ्याकाठी एक उंच काटेसावर आहे. तिचा शेंडाही दृष्टिरेषेच्या हातभर खालीच होता. मग अडले कुठे?

दिशादर्शी अँटेना म्हणजे काय ते आधी पाहू. कंदिलाचा उजेड चहूकडे पसरतो. टॉर्चमध्ये तोच उजेड आरशाने एका बाजूला वळवलेला असतो. दिव्याची शक्ती वाढलेली नसते, वाया जाणारा भाग कमी झालेला असतो. पण या उपमेने आमची फसगत केली. टॉर्चमुळे डोळ्यांपुढे सरळ रेषेत जाणारा प्रकाश येतो, आणि दोन अँटेनांमध्ये जणू एक ताणलेला दोरा आहे, असे वाटू लागते.

रेडिओलहरी अशा दोऱ्यासारख्या जात नाहीत. फ्रेंच अभियंता ऑगस्टीन फ्रेनेल (1788–1827) याने प्रकाशाच्या तरंगरूपाचा जो अभ्यास केला, तो इथे उपयोगी पडतो. सरळ मार्गापेक्षा अर्ध्या तरंगलांबीपर्यंत लांबच्या मार्गांनी जाणाऱ्या लहरीही पलीकडे पोहोचून मुख्य लहरीला साथ देतात. या सर्व मार्गांनी व्यापलेली जागा म्हणजे पहिले फ्रेनेल क्षेत्र. ती मोकळी नसेल, तर समोरचे दिसत असूनही संदेश क्षीण होतो.

या जागेचा आकार मुलांना मैदानावर काढून दाखवता येतो. 10 मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. त्यांच्यामध्ये 10 मीटर 10 सेंटिमीटर लांबीची सुतळी बांधा आणि काठीने ती ताणून धरत काठी फिरवा. मातीत लंबवर्तुळ उमटेल. खुंट्या म्हणजे त्याच्या नाभी. आता मधोमध काठी किती बाजूला गेली ते मोजा. सुतळी जेमतेम 10 सेंटिमीटर सैल, पण काठी सुमारे 70 सेंटिमीटर बाजूला जाते! मुलांना आधी अंदाज करायला सांगावे. आमच्या वर्गात कोणी 20 सेंटिमीटरच्या पुढे गेले नाही. पायथागोरसच्या प्रमेयाने उत्तर पडताळता येते.

आता खुंट्यांच्या जागी अँटेना आणा. 5.8 गिगॅहर्ट्झला तरंगलांबी सुमारे 5.2 सेंटिमीटर, म्हणून सुतळी फक्त 2.6 सेंटिमीटर सैल. अंतर 2,000 मीटर. मध्यावरची त्रिज्या म्हणजे तरंगलांबी आणि अंतर यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाचा निम्मा भाग. ती येते सुमारे 5.1 मीटर. व्यवहारात तिचा 60 टक्के भाग मोकळा असला तरी भागते, म्हणजे दृष्टिरेषेखाली 3 मीटर. आमच्याकडे होता हातभर. मार्चमध्ये काटेसावर निष्पर्ण असते, लहरी फांद्यांतून निघून जात. जुलैत ओल्या पानांचा दाट पिसारा आला. पानांतले पाणी लहरी शोषते, विखुरते.

2007 मध्ये व्हेनेझुएलात वाय-फायची उपकरणे वापरून 382 किलोमीटरची जोडणी झाली होती. 2.4 गिगॅहर्ट्झला एवढ्या अंतरावर मध्यावरची त्रिज्या 109 मीटरच्या घरात जाते. ती जागा मोकळी मिळाली, कारण दोन्ही टोके उंच डोंगरांवर होती. आम्हाला एका झाडाने अडवले!

झाड छाटण्याची सूचना आली, पण ते पुन्हा वाढणारच. आम्ही दोन्ही खांब 3-3 मीटरने उंच केले. एकच खांब उंचावला असता, तर मधोमध दीडच मीटर मिळाले असते. उंच खांबाला वीजरोधक आणि चांगले अर्थिंग हवेच, त्यात काटकसर नको. यंत्रात दोन टोकांमधले अंतरही भरावे लागते. लहरीला 2 किलोमीटर जायला सुमारे 7 मायक्रोसेकंद लागतात, आणि पाठवणारे यंत्र पोच येण्याची ठरावीक वेळच वाट पाहते. परवान्याचा प्रश्न आला नाही. हा पट्टा भारतात 2018 मध्ये परवान्याविना खुला झाला. शक्तीची मर्यादा मात्र पाळावी लागते.

काटेसावर अजून वाढते आहे. नववीची मुले दर सोमवारी संदेशाची तीव्रता वहीत टिपतात, आणि शेजारच्या रकान्यात झाडावर पाने किती तेही लिहितात.