कुलूप बदला, पण मालकाला कळवून

भाड्याचा फ्लॅट ताब्यात देताना मालक दोन-तीन चाव्या हातावर ठेवतो. त्या दाराच्या एकूण चाव्या किती, हे मात्र बहुधा त्यालाही सांगता येत नाही. आधीच्या भाडेकरूने स्वयंपाकाच्या मावशींना एक करून दिलेली असते, घर दाखवायला दिलेली एक एजंटकडे राहून जाते, शेजारच्या काकूंकडे एक ‘असू दे’ म्हणून पडून असते. कोपऱ्यावरचा चावीवाला बघता बघता डुप्लिकेट करून देतो आणि तिची नोंद कुठेच राहत नाही. त्यामुळे सामान लागण्याआधी कुलपाचा विचार व्हायला हवा. अडचण एवढीच, की दार आपले नाही.

महाराष्ट्रात बरेचसे फ्लॅट ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर दिले जातात. त्यात राहणाऱ्याला जागा वापरण्याची परवानगी मिळते, जागेत हक्क मिळत नाही. ही व्याख्या १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स ॲक्टच्या कलम ५२ मधली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ नुसार मालकाला आगाऊ सूचना देऊन, सोयीच्या वेळी घर पाहता येते. म्हणजे परस्पर कुलूप बदलून मालकाला कायमचे बाहेर ठेवता येणार नाही, तसेच मालकालाही न सांगता आपल्या चावीने आत शिरता येणार नाही. याच कायद्याचे कलम ५५ करार लेखी आणि नोंदणीकृत असावा असे सांगते. तेव्हा करारातच एक ओळ घाला : भाडेकरू स्वखर्चाने कुलूप बदलू शकेल आणि घर सोडताना जुने परत बसवून देईल. करार आधीच झाला असेल तर व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर विचारा आणि होकार जपून ठेवा. तोंडी ‘हो, करा ना’ डिपॉझिट परत घ्यायच्या वेळी कामाला येत नाही.

जुन्या चाळींतल्या, पागडीच्या भाडेकरूंची गोष्ट वेगळी. तिथे कुलूप बिघडले असेल, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ नुसार घर दुरुस्त ठेवणे मालकाचे काम आहे. नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने ते केले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश.

आता प्रत्यक्ष काम. आधी दारावर काय आहे ते पाहा. हँडल आणि त्याखाली चावीचे भोक असेल, तर ते मॉर्टिस लॉक. त्याची पेटी दाराच्या जाडीत बसवलेली असते. यात अख्खे कुलूप काढायची गरज सहसा नसते, कारण चावी फिरते तो सिलिंडर वेगळा निघतो. दार उघडे ठेवा. दाराच्या कडेच्या पट्टीवर, चावीच्या भोकाच्या रेषेत असलेला लांब स्क्रू काढा. चावी घालून किंचित फिरवा, म्हणजे आतला दात सरळ रेषेत येतो आणि सिलिंडर बाहेर सरकतो. तो घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा. स्क्रूच्या छिद्रापासून दोन्ही टोकांपर्यंतची मापे जुळली पाहिजेत. ती नेहमी सारखी नसतात. सिलिंडर दाराबाहेर जास्त डोकावत असेल, तर पक्कड लावून तोडणे सोपे जाते.

आतल्या बाजूला पेटी असलेला नाइट लॅच असेल, तर त्याच कंपनीचे तेच मॉडेल आणा, म्हणजे जुनीच भोके चालतात. दाराला किंवा चौकटीला नवे भोक पडले, की विषय डिपॉझिटपर्यंत जातो. डिजिटल लॉकला बहुतेक वेळा दार नव्याने कोरावे लागते, म्हणून मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

निवड करताना आतून चावीशिवाय, खुंटी फिरवून उघडणारेच कुलूप घ्या. आग लागली, तर अंधारात चावी शोधायला वेळ नसतो. बसवून झाल्यावर दार उघडे असतानाच सगळ्या चाव्या बाहेरून आणि खुंटी आतून फिरवून पाहा.

उलट बाजूही ध्यानात असू द्या. भाडे थकले किंवा मुदत संपली, म्हणून मालकाला भाडेकरूच्या दाराला आपले कुलूप ठोकता येत नाही. लायसन्सची मुदत संपल्यावर त्याने भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचे असते. स्थिर ताबा असलेल्या माणसाला कायदेशीर मार्गाशिवाय हटवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कृष्ण राम महाले प्रकरणात स्पष्ट केले आहे.

जुना सिलिंडर त्याच्या चाव्यांसह, तारीख लिहून एका पाकिटात ठेवा. घर सोडताना तो परत बसवा, फोटो काढा आणि चाव्या मोजून दिल्याची मालकाची सही घ्या. नवा सिलिंडर आपल्याबरोबर न्या. पुढच्या घराला माप जुळले, तर तोच पुन्हा कामाला येईल.