पावणेचार लाख डॉलरांचा हिशेब

जपानच्या आयची प्रांतात टोयोटा नावाचे शहर आहे. मोटारकंपनीवरून शहराला नाव मिळाल्याचे ते एक ठळक उदाहरण. तेथील मोतोमाची कारखान्यात १९५९ पासून मोटारी तयार होतात. मिनिटामिनिटाला गाडी बाहेर काढण्याचे शास्त्र ज्या कंपनीने जगाला शिकवले, त्याच कंपनीच्या या कारखान्यातील एका स्वतंत्र दालनात डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२ या दोन वर्षांत दिवसाला जेमतेम एक गाडी तयार होत असे. सुमारे १७० निवडक कारागीर त्या कामावर होते. प्रत्येक इंजिन एकाच कारागिराने जुळवायचे आणि त्यावर आपल्या सहीची पट्टी लावायची, असा रिवाज होता. गाडीचे नाव लेक्सस एलएफए. एकूण पाचशे गाड्या बांधायच्या आणि थांबायचे, हे आधीच ठरलेले होते.

गाडीची अमेरिकेतील किंमत ३,७५,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे १ कोटी ७० लाख रुपये होती. जपानमध्ये ती ३ कोटी ७५ लाख येनला मिळे. पाचशेपैकी पन्नास गाड्या जर्मनीतील नुर्बुर्गरिंग या शर्यतमार्गाच्या नावाने अधिक तयारीनिशी काढल्या गेल्या. त्यांना ४,४५,००० डॉलर मोजावे लागत. लेक्ससची विक्री भारतात २०१७ साली सुरू झाली. त्यामुळे आयातशुल्काचा बोजा चढून आपल्याकडे ती कितीला पडली असती, हा प्रश्न उद्भवलाच नाही.

इतकी किंमत योग्य होती काय, हा वाद गाडी जाहीर झाली त्या दिवसापासून सुरू आहे. वाद घालणारे बहुधा वेगाचे आकडे पुढे करतात. ते आकडे आधी पाहू, कारण तेथे निकाल लवकर लागतो. एलएफए थांबलेल्या स्थितीतून ताशी शंभर किलोमीटरचा वेग सुमारे ३.७ सेकंदांत गाठते आणि तिचा कमाल वेग ताशी ३२५ किलोमीटर आहे. इटलीची फेरारी ४५८ शंभरचा वेग ३.४ सेकंदांत गाठत होती आणि अमेरिकेत तिची किंमत सव्वादोन ते अडीच लाख डॉलरांच्या दरम्यान होती. त्याहून बोचरी तुलना स्वदेशातीलच. निस्सान जीटी-आर ही जपानी गाडी २०१० साली अमेरिकेत ८५ हजार डॉलरांच्या आत मिळत असे आणि शंभरचा वेग साडेतीन सेकंदांच्या आसपास गाठत असे. एलएफएचा गिअरबॉक्सही एका क्लचचा, तर प्रतिस्पर्ध्यांकडे तोवर दोन क्लचचे चपळ गिअरबॉक्स आले होते. प्रति सेकंद दर काढून खरेदी करणाऱ्याने एलएफएकडे वळूनही पाहू नये, हे उघड आहे. २०११ च्या ऑगस्टअखेर नुर्बुर्गरिंगची फेरी ७ मिनिटे १४.६४ सेकंदांत पूर्ण करून या गाडीने टीकाकारांना थोडे गप्प केले. पण ती पराक्रमाची गोष्ट झाली, किमतीच्या समर्थनाची नव्हे.

मग पैसे गेले कशात? याचे उत्तर गाडीच्या सांगाड्यात आणि इंजिनात आहे, आणि ते समजून घेण्याजोगे आहे.

या प्रकल्पाचा आरंभ २००० सालचा. मुख्य अभियंता होते हारुहिको तानाहाशी. प्रारंभी गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा योजला होता आणि त्यावर कित्येक वर्षे काम झाले. नंतर काम बरेच पुढे गेलेले असताना तो बाजूला सारून कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकचा सांगाडा करण्याचा निर्णय झाला. त्यामुळे सुमारे शंभर किलो वजन वाचले. परंतु वेळापत्रक कोलमडले आणि जवळजवळ नव्याने सुरुवात करावी लागली. हे साहित्य बाहेरून विकत घेता आले असते. टोयोटाने ते स्वतः बनवायचे ठरवले.

येथे कंपनीचा जुना वंशवृक्ष कामी आला. इचलकरंजी किंवा मालेगावच्या वाचकाला माग म्हणजे काय हे सांगायला नको. टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोदा हे मागाचे संशोधक. त्यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात बाणा संपला तरी माग थांबत नसे. चालत्या मागातच धोटा बदलला जाई. या मागाचे हक्क १९२९ साली इंग्लंडच्या ओल्डहॅममधील प्लॅट ब्रदर्सने घेतले. ही तीच प्लॅट कंपनी, जिची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत पिढ्यान् पिढ्या खडखडत होती. हक्कांची किंमत ठरली एक लाख पौंड. साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी मोटारीचे प्रयोग आरंभले त्यामागे मागांच्या व्यवसायाचे हे बळ होते, आणि १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली. विणकराच्या घरातून मोटार निघाली ती अशी.

एलएफएसाठी या घराण्याने पुन्हा माग उभा केला; या वेळी वर्तुळाकार. त्यावर सुताऐवजी कार्बनचे धागे एका साच्याभोवती गोल विणले जात आणि समोरच्या काचेशेजारून छताकडे जाणारा पोकळ खांब अखंड तयार होई. तो जोडाशिवाय असल्याने बारीक ठेवूनही भक्कम राहतो. अशा प्रकारचे माग तेव्हा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेसुद्धा नव्हते. पाचशे गाड्यांच्या मागणीसाठी असा माग बसवणे हा कोणत्याही कर्जप्रस्तावात टिकणारा मुद्दा नाही.

इंजिनाची कथा यामाहाशी निगडित आहे. दहा सिलिंडरांचे, ४.८ लिटर क्षमतेचे हे इंजिन टोयोटा आणि यामाहा मोटर यांनी मिळून घडवले. त्याची शक्ती ५६० मेट्रिक अश्वशक्ती. ते मिनिटाला ९,००० फेरे घेते आणि मंद गतीपासून तेथवर पोचायला त्याला अवघे ०.६ सेकंद लागतात. इतक्या झपाट्याने काटा फिरू शकत नाही, म्हणून फेरे दाखवणारी तबकडी पडद्यावर चित्ररूपाने दाखवावी लागली. इंजिनाच्या आवाजासाठी यामाहाच्या वाद्यनिर्मितीतील ध्वनिज्ञानाचाही उपयोग केला गेला. हवा आत घेणाऱ्या पेटीला अशा रीतीने घडवले की तिचा नाद खास मार्गांनी चालकाच्या कानापर्यंत यावा. गाडीच्या आवाजावर इतके कष्ट घेणे आपल्यासारख्यांना, जे भोंग्यांच्या आवाजाने त्रस्त असतात, थोडे गमतीचे वाटेल. परंतु ज्यांनी ती चालवली त्यांच्यापैकी बहुतेक जण वेगाबद्दल कमी आणि आवाजाबद्दल अधिक बोलतात, ही वस्तुस्थिती आहे.

आता कंपनीच्या वहीकडे येऊ. पाचशे गाड्यांची सगळी विक्री नुर्बुर्गरिंग गाड्यांच्या जादा किमतीसह धरली तरी सुमारे १९ कोटी १० लाख डॉलर होतात, आणि यातून विक्रेत्यांचा वाटा वजा व्हायचा आहे. दहा वर्षांचे संशोधन, दोनदा आखलेला सांगाडा, अन्य कोणत्याही गाडीत न बसणारे इंजिन, शर्यतमार्गावरील वर्षानुवर्षांच्या चाचण्या आणि १७० माणसांचे पगार या रकमेत बसणे शक्य नव्हते. ही गाडी तोट्यात जाणार हे कंपनीला ठाऊक होते. तरीही गंमत अशी की, हा तोटा २०११ च्या ताळेबंदात शोधू गेले तर सापडत नाही. टोयोटा त्या काळी अमेरिकी लेखापद्धतीने हिशेब ठेवत असे. त्या पद्धतीत संशोधन व विकासाचा खर्च ज्या वर्षी होतो, त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा करावा लागतो. पुढच्या विक्रीच्या आशेने तो मालमत्तेच्या बाजूला मांडून ठेवता येत नाही. म्हणजे २००० पासूनचा खर्च त्या त्या वर्षीच्या कोरोला-कॅम्रीच्या नफ्याने केव्हाच गिळला होता. साध्या गाड्या घेणाऱ्या लक्षावधी कुटुंबांनी या पाचशे गाड्यांचा भार न कळत उचलला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

खरी परीक्षा झाली ती २००९ मध्ये. मार्च २००९ अखेरच्या वर्षात टोयोटाला सुमारे ४३,७०० कोटी येनचा निव्वळ तोटा झाला. सात दशकांत कंपनीने असे वर्ष पाहिले नव्हते. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये तोक्योच्या प्रदर्शनात एलएफए विक्रीसाठी जाहीर झाली. हे कसे समर्थनीय ठरवायचे? अर्थशास्त्राचे उत्तर असे की, आधी झालेला खर्च बुडीत धरून विसरावा आणि येथून पुढचा खर्च पुढच्या उत्पन्नातून निघतो काय एवढेच पाहावे. नऊ वर्षांचा खर्च गाडी न काढल्याने परत येणार नव्हता. गाडी काढली तर प्रत्येकी पावणेचार लाख डॉलर तरी येणार होते. तर्क निर्दोष आहे. परंतु आजारी उद्योगांच्या कर्जखात्यांत हाच तर्क किती वेळा वापरला गेला आहे, हे बँकांमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारावे. ‘आणखी थोडे द्या, म्हणजे आधीचे वसूल होईल,’ हे वाक्य बहुतेक बुडीत खात्यांच्या फाईलमध्ये कोठे ना कोठे असते. टोयोटाकडे फरक एवढाच होता की आणखी थोडे द्यायला तिच्याजवळ पैसा होता आणि तो कोणाकडून मागावा लागत नव्हता.

या गाडीच्या खर्चात एक रक्कम अशी आहे जी कोणत्याच वहीत मांडता येत नाही. हिरोमू नारुसे हे टोयोटाचे प्रमुख चाचणीचालक. १९६३ साली ते कंपनीत हंगामी कामगार म्हणून लागले आणि पुढे तिथल्या सर्व चालकांचे गुरू झाले. संस्थापकांचे नातू आकिओ टोयोदा यांना गाडी चालवण्याचे खरे शिक्षण त्यांनीच दिले. एलएफएची घडण नारुसेंच्या हाताखाली झाली. २३ जून २०१० रोजी, उत्पादन सुरू व्हायला सहा महिने उरले असताना, नुर्बुर्गरिंगजवळच्या सार्वजनिक रस्त्यावर एलएफएची चाचणी गाडी चालवत असताना समोरून येणाऱ्या गाडीशी टक्कर होऊन त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय ६७ होते. समोरच्या गाडीतील दोघे जखमी झाले. किंमत योग्य की अयोग्य हे ठरवणाऱ्यांच्या लेखनात हा प्रसंग बहुधा एका ओळीत येतो.

ग्राहकाच्या बाजूने अलीकडे एक नवा युक्तिवाद पुढे येतो. तो असा की, ज्यांनी तेव्हा ही गाडी घेतली ते शहाणे ठरले, कारण आज ती दुपटीहून अधिक किमतीला जाते; नुर्बुर्गरिंग प्रकारातील गाड्यांनी तर लिलावात दहा लाख डॉलरांचा टप्पा ओलांडला आहे. हे खरे आहे; पण त्याला चक्रवाढीच्या कोष्टकाशेजारी ठेवून पाहावे. पावणेचार लाख डॉलर वार्षिक सात टक्क्यांनी ठेवले तर दहा वर्षांत सुमारे ७ लाख ३८ हजार होतात. म्हणजे ‘दुप्पट’ हे काही आश्चर्य नव्हे. अमेरिकेतील पाचशे मोठ्या कंपन्यांचा एस अँड पी निर्देशांक जानेवारी २०११ मध्ये १,२८०च्या आसपास होता, तो २०२१ अखेरीस ४,७००च्या वर गेला. लाभांश सोडून दिला तरी हे साडेतीन पटींहून जास्त. आणि समभागांना गॅरेज लागत नाही, विमा लागत नाही, टायर बदलावे लागत नाहीत. शिवाय लिलावात चढा भाव मिळतो तो न वापरलेल्या गाडीला. आवाजासाठी जिवाचे रान केलेली गाडी आवरणाखाली मुकी ठेवली तरच तिचा भाव वाढतो, असा हा विचित्र व्यवहार आहे.

कंपनीला सट्टेबाजीची भीती होती. म्हणून अमेरिकेत प्रारंभी गाडी थेट विकण्याऐवजी दोन वर्षांच्या भाडेकराराने देण्याची योजना काढली. हेतू असा की, घेणाऱ्याने लगेच नफ्यात विकून टाकू नये. भीती अनाठायी ठरली. उत्पादन थांबून जवळजवळ पाच वर्षे झाल्यावर, २०१७ मध्येही, अमेरिकेतील विक्रेत्यांकडे डझनभर कोऱ्या एलएफए पडून होत्या. बाजाराने किमतीबद्दलचे आपले मत तेव्हा स्पष्टपणे दिले होते. लिलावातील भाव हे त्याच बाजाराचे नंतर बदललेले मत.

किंमत म्हणून ती अवाजवी होती, असाच निष्कर्ष वेगाच्या, परताव्याच्या आणि कंपनीच्या नफ्याच्या कसोटीवर निघतो. तिचे समर्थन करायचेच असेल तर ते वस्तूची किंमत म्हणून नव्हे, प्रशिक्षणाची फी म्हणून करावे लागेल, आणि ती फी ग्राहकाने थोडी व कंपनीने बरीच भरली. टोयोटाने हे पूर्वीही केले होते. १९६७ ते १९७० दरम्यान यामाहाच्याच साथीने तिने २०००जीटी नावाची गाडी काढली. साडेतीनशेच्या आसपास बनल्या, आणि त्यांतील एक २०१३ साली लिलावात दहा लाख डॉलरांच्या वर गेली. त्या गाडीनेही कंपनीला पैसा मिळवून दिला नव्हता.

मोतोमाचीतील ते दालन एलएफए संपल्यावर रिकामे राहिले नाही. २०१४ च्या अखेरीस तेथे मिराई ही हायड्रोजनवर चालणारी गाडी तयार होऊ लागली. तिच्यातील हायड्रोजनच्या टाक्यांना ७०० पट वातावरणीय दाब सोसावा लागतो, आणि त्या टाक्यांभोवती कार्बनचे धागे गुंडाळलेले असतात. तिची जपानमधील किंमत ७२ लाख ३६ हजार येन ठेवली होती, आणि सुरुवातीला तीही हातानेच, दिवसाला मोजक्या दोन-तीन, बनत असे.